मदत हवी आहे: आई-बाबांसोबत केंट-ससेक्सची एका दिवसाची सहल

नमस्कार मंडळी,

आई-बाबा नगरहून आमच्याकडे लंडनला आले आहेत. जुलैच्या सुरुवातीला लख्ख ऊन पडलेला दिवस बघून त्यांना गाडीने बोडियमचा किल्ला आणि सिसिंगहर्स्टची बाग दाखवायची आहे. बाबांनी आयुष्यभर किल्ले पायाखाली घातलेत. १३८५ साली बांधायला घेतलेला, चारही बाजूंनी पाण्याने भरलेल्या रुंद खंदकात उभा असलेला बोडियम त्यांना बघायचाच आहे. नगरच्या भुईकोटाचा खंदक पाहून वाढलेला माणूस, तिथे तासन् तास रमेल!

आईचा जीव मात्र फुलांत. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचे पती हॅरॉल्ड निकल्सन यांनी १९३० मध्ये पडकी वास्तू घेऊन सिसिंगहर्स्ट फुलवलं. तिथल्या पांढऱ्या बागेत मधल्या मांडवावर चढलेला पांढरा गुलाब साधारण याच दिवसांत बहरतो, म्हणून तारीख पुढे ढकलायची नाही.

अडचण आईच्या गुडघ्यांची. बोडियमच्या वाहनतळापासून दरवाजापर्यंतची वाट तिला झेपेल का? बुरुजाच्या गोल जिन्याने बाबा वर गेले तर खाली सावलीत बसायला जागा आहे का? आणि आधी बाग करावी की किल्ला? दुपारच्या उन्हात आईला बागेत फिरवणं मला पटत नाही. टेंटरडेन गावाहून बोडियमला वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, तीही खुणावते आहे, पण एका दिवसात फार दगदग होईल का? वडीलधाऱ्यांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. डबा घरूनच नेणार आहोत.