शब्दचर्चा: ‘लुशाई’, ‘मिझो’ आणि तिथली ‘जिल्हा परिषद’

प्रश्न: जुन्या नकाशात ‘लुशाई हिल्स’ दिसतं, नंतरच्या पुस्तकांत ‘मिझो जिल्हा’. दोन्ही एकच का? आणि तिथली जिल्हा परिषद म्हणजे आपल्यासारखीच?

उत्तर: मुलूख एकच, आजचा मिझोराम. इंग्रजांनी १८९८ मध्ये बंगालकडचा दक्षिण भाग आणि आसामकडचा उत्तर भाग जोडून ‘लुशाई हिल्स’ जिल्हा केला आणि तो आसामात ठेवला. ‘लुशाई’ हा ‘लुसेई’ या एका समूहाच्या नावाचा साहेबी उच्चार. पण त्या डोंगरांत राल्ते, ह्मार, पैते, लाई, मारा असे कितीतरी लोक राहतात. सगळ्यांना एकाचंच नाव चिकटवणं चूक होतं. १९४६ मध्ये निघालेल्या पक्षाने म्हणूनच ‘मिझो युनियन’ असं सर्वांना सामावणारं नाव घेतलं. १९५४ मध्ये संसदेच्या कायद्याने जिल्ह्याचंही नाव बदललं. त्यानंतरच्या घटनांबद्दल लिहिताना ‘मिझो जिल्हा’च लिहावं.

‘जिल्हा परिषद’ या शब्दाने मात्र मराठी वाचकाची हमखास फसगत होते. आपली १९६२ पासूनची, पंचायत राज्यातली. मिझोंची १९५२ ची, थेट राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतून (ईशान्येतल्या आदिवासी भागांच्या स्वायत्ततेच्या तरतुदींतून) आलेली. राज्यपालांच्या संमतीने तिला झूम (जंगल तोडून-जाळून केलेली फिरती) शेती, राखीव नसलेलं जंगल, वारसा, लग्न, रूढी यांवर कायदे करता येत. आपल्याकडे हे कुठल्या जिल्हा परिषदेला जमेल? तेव्हा ‘स्वायत्त’ हे विशेषण गाळू नका.

प्रश्न: तिथल्या संदर्भात ‘लाल’ म्हणजे काय?

उत्तर: गावाचा सरदार. रंगाशी संबंध नाही. रयत त्याला पिकातलं भात द्यायची, ते ‘फाथांग’. शिकारीतल्या मांसाचाही वाटा ठरलेला. तीनशेहून जास्त लाल होते. त्यांचे हक्क १९५४ च्या कायद्याने गेले, पण तो कायदा परिषदेचा नव्हे, आसाम विधानसभेचा.

स्वायत्ततेची खरी मर्यादा ‘मौताम’मध्ये कळते. सुमारे ४८ वर्षांनी ‘मौताक’ बांबूला फुलोरा येतो, उंदीर बेसुमार वाढतात आणि उभं पीक फस्त करतात. १९५९ च्या या दुष्काळाचा इशारा परिषदेने आधीच दिला होता, मदतही मागितली होती. आसाम सरकारने ते मनावर घेतलं नाही. तिजोरीची किल्ली शिलाँगला, म्हणजे आसामच्या तेव्हाच्या राजधानीत होती. दुष्काळात मदत करणाऱ्या संघटनेतूनच १९६१ मध्ये मिझो नेते लालडेंगा यांचा ‘मिझो नॅशनल फ्रंट’ हा पक्ष उभा राहिला आणि १९६६ मध्ये त्याने भारत सरकारविरुद्ध बंड केलं.

१९७२ मध्ये मिझो जिल्ह्याचा मिझोराम हा केंद्रशासित प्रदेश झाल्यावर मिझोंची परिषद संपली. लाई, मारा आणि चकमा यांच्या परिषदा आजही आहेत. मिझोरामच्या ताज्या बातमीत ‘स्वायत्त जिल्हा परिषद’ वाचलंत, तर ती या तिघांपैकीच एक.