मदत हवी आहे: १४–१७ वयातल्या मुलांच्या मद्यपान तपासणीला जीजीटी (यकृताशी संबंधित एन्झाइमची रक्तचाचणी) पुरेल का?

प्रश्न
किशोरवयीन ओपीडीसाठी तपासणीचा आराखडा करतोय. जीजीटी आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) कुठल्याही लॅबमध्ये स्वस्तात होतात. तेवढ्यावर भागेल, की ईटीजी, पेथ (दोन्ही अल्कोहोलपासून शरीरात बनणारे पदार्थ) लागतील? नमुना घेताना काय बिघडतं?

प्रतिसाद १
भागणार नाही. या वयातली मुलं बहुधा रोज पीत नाहीत. क्वचित पितात, पण एका बैठकीत भरपूर. तेवढ्यानं जीजीटी सहसा वाढत नाही. उलट लठ्ठपणा आणि फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही फिट्सची औषधं यांनी वाढतो. एमसीव्ही बी-१२च्या कमतरतेनंही चढतो, आणि ती आपल्याकडे घरोघरी. सीडीटी (सततच्या मद्यपानानं वाढणारं रक्तातलं प्रथिन) हलायला रोज साधारण ५०–६० ग्रॅम अल्कोहोल, तेही दोनेक आठवडे लागतं.

रक्त घेणारच असाल तर पेथ. ते अल्कोहोल असतानाच तांबड्या पेशींच्या आवरणात तयार होतं आणि २ ते ४ आठवडे सापडतं. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये संपूर्ण रक्त पाठवा. सवयीनं सिरम (पेशी काढलेला रक्ताचा द्रव भाग) पाठवलं तर पेशींबरोबर पेथही गेलं! पेथचा १६:०/१८:१ हाच प्रकार मागा. सीमारेषा बहुधा २० नॅनोग्रॅम प्रति मिली. त्याखालचा आकडा म्हणजे ‘कधीच प्यायला नाही’ असं मात्र नव्हे.

प्रतिसाद २
लघवीतला ईटीजी दोन-तीन दिवसांपुरताच. शनिवारी रात्रीची दारू गुरुवारच्या ओपीडीत दिसणार नाही. सोबत ईटीएस (अल्कोहोलपासूनच बनणारा दुसरा पदार्थ) मागाच: मूत्रसंसर्गातला ई. कोलाय जंतू ईटीजी खाऊन टाकतो, ईटीएसला सहसा धक्का लागत नाही. ईटीजीला १०० नॅनोग्रॅम प्रति मिलीची सीमारेषा ठेवलीत तर सॅनिटायझर, माउथवॉशनंही पॉझिटिव्ह येऊ शकतं. ५०० ठेवली तर थोडी प्यायलेली दारू नजरेतून सुटते. लघवीतलं क्रिएटिनिन (लघवी किती पातळ ते सांगणारा घटक) २० मिग्रॅ/डेलीखाली असेल तर नमुना पातळ आहे, पुन्हा घ्या. नमुना लगेच थंडीत ठेवा.

प्रतिसाद ३
यंत्राआधी तोंडी विचारा. क्राफ्ट (किशोरांच्या व्यसनाची सहा प्रश्नांची चाळणी) प्रश्नावलीला फार वेळ लागत नाही; सहापैकी दोन ‘हो’ आले की पुढची चौकशी. चाचणी त्याला जोड, पर्याय नाही. मुलाच्या नकळत नमुना तपासू नका. संशोधन असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती आणि १२ वर्षांवरच्या मुलाची लेखी सहमती, दोन्ही हव्यात. रिपोर्ट कोणाला दाखवणार हे सुई टोचण्याआधी ठरवा.

प्रश्नकर्ता
आणि केसांतला ईटीजी?

प्रतिसाद १
मुळापासूनचे ३ सेंमी म्हणजे साधारण तीन महिने. ३० पिकोग्रॅम प्रति मिग्रॅ ही सीमा सततच्या अतिमद्यपानाची, तुमच्या मुलांची नव्हे. ब्लीच केलेल्या केसांत आकडा घसरतो. या ओपीडीसाठी नको.