मदत हवी आहे: ‘आय वर्क्ड’ की ‘आय हॅव वर्क्ड’?

कोरा_कागद: अर्ज उद्या सकाळी पाठवायचाय. ‘तिथे तीन वर्षं काम केलं आहे’ याला ‘वर्क्ड’ की ‘हॅव वर्क्ड’? शाळेत शिकवलं होतं, मराठीत ‘आहे’ आलं की हॅव. मोबाइल दोन्ही बरोबर दाखवतोय. नियम नकोत, एकच उत्तर द्या.

सांगलीकर: ती नोकरी अजून चालू आहे का? त्याशिवाय कसं सांगणार?

माई: रोज अर्धा तास इंग्रजी पेपर मोठ्याने वाचा. माझी दोन्ही मुलं तशीच शिकली.

सांगलीकर: माई, अर्ज उद्या जायचाय हो.

शुभ्रा: अर्ज एका पानात बसवा. फोटो लावू नका.

कोरा_कागद: नोकरी मार्चमध्ये सोडली. शुभ्राताई, मांडणी झालीये, क्रियापद अडलंय.

सांगलीकर: मग ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’. हॅव लावलंत तर अजून तिथेच आहात असं वाटेल. आणि तो ‘आहे’चा नियम सोडा. आपण ‘मी कालच आलोय’ म्हणतो, म्हणजे ‘आलो आहे’च की. इंग्रजीत ‘आय हॅव कम यस्टरडे’ चालत नाही. काल, मार्चमध्ये, २०१९ साली, असा संपलेला काळ वाक्यात आला की साधा भूतकाळ.

निवृत्त_मास्तर: मी वर्षानुवर्षं तोच नियम शिकवला. ‘पत्र लिहिलं आहे’, ‘आय हॅव रिटन द लेटर’. मुलांना सुरुवातीला धरायला काहीतरी लागतं.

सांगलीकर: सर, सुरुवातीला ठीक. पण पुढे तो कुणी सोडवत नाही, म्हणून अर्जांत ‘आय हॅव कम्प्लीटेड बीकॉम इन २०१९’ येतं.

जर्सीवाला: इथे अमेरिकेत ‘डिड यू ईट यट?’ सर्रास ऐकू येतं. एवढं मनावर घेऊ नका.

सांगलीकर: ते बहुतेक यट, जस्ट, ऑलरेडी अशा शब्दांबरोबर. ‘इन २०१९’ला हॅव तिकडेही लावत नाहीत.

कोरा_कागद: बीकॉमचं ते वाक्य माझ्या अर्जात जसंच्या तसं होतं! बदललं. आता ‘जीएसटी रिटर्न भरली आहेत’, साल न देता, फक्त अनुभव म्हणून?

निवृत्त_मास्तर: तिथे हॅव लावा. ‘आय हॅव फाइल्ड जीएसटी रिटर्न्स’. वेळ सांगितलेली नाही, आणि ते काम तुम्हाला आज येतं हे सांगायचंय. ‘त्या ऑफिसात असताना’ असं जोडलंत तर मात्र नुसतं ‘फाइल्ड’.

सांगलीकर: सरांचं बरोबर आहे.

नवीन_सदस्य: मी अजून त्याच नोकरीत आहे. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०२१’ चालेल ना?

निवृत्त_मास्तर: नाही. ‘आय हॅव बीन वर्किंग’. मराठीत ‘२०२१पासून काम करतोय’ असा वर्तमानकाळ येतो, तिथेच आपली मुलं चुकतात.