'पाने', 'पानं' आणि वीतभर रीप

मूळ प्रश्न

मंडळी, एका लाकडी पट्टीला नाव हवंय.

आमची बोट मालवणला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बोट किनाऱ्यावर माडाच्या विणलेल्या झापांखाली आणि बाबांचा मुक्काम इंजिनाशी. त्या दिवसांत हत्यारांची पेटी आवरायचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. यंदा खालच्या खणात पान्यांचा ढीग न घालता, कौलं उतरवताना निघालेल्या सागवानी रिपेचे वीत-दीड वितीचे दोन तुकडे घेतले, त्यांना करवतीने तिरक्या खाचा पाडल्या आणि खणात पुढे-मागे ठोकले. आता ६-७ पासून २०-२२ पर्यंत आठही पाने आपापल्या खाचेत कडेवर उभे असतात. कुठला जागेवर नाही ते खण उघडल्याबरोबर दिसतं.

खणावर चिठ्ठी चिकटवायची होती. मी 'पाने' लिहिलं. शेजारचे काका वाचून म्हणाले, "अरे वा, विडो काढ." बहीण म्हणाली, 'पान्हे' लिही, दुकानांच्या पाट्यांवर तसंच असतं. तर पाना की पान्हा? आणि त्या खाचांच्या पट्टीला काय म्हणायचं? मी 'होल्डर' म्हणतो, पण ते ओठावरच राहतं.

रत्नागिरीहून, शिक्षक

'ह' लावू नका. पान्हा म्हणजे गाईला सुटतो तो, मूळ संस्कृत 'प्रस्नव'. स्नानाचं न्हाण झालं, कृष्णाचा कान्हा झाला, त्याच वाटेने तिथे 'न्ह' आला आहे. नट फिरवायच्या हत्याराला तो कशाला? 'दहाचा पान्हा आटला' असं कुणी लिहील एक दिवस.

तुमच्या काकांच्या विनोदात मात्र खरं व्याकरण आहे. पान नपुंसकलिंगी, पाना पुल्लिंगी. अनेकवचन लिहिताना दोन्हींचं 'पाने'. बोलताना आपण घोटाळा करत नाही. आई स्वयंपाकघरातून "पानं घेतली" म्हणते तेव्हा हात धुऊन बसायचं, आणि मेकॅनिक "पाने घेतले" म्हणतो तेव्हा रिक्षा दुरुस्त व्हायची. 'पानं' आणि 'पाने', 'घेतली' आणि 'घेतले', सगळं कानाला वेगळं लागतं. प्रमाण लेखनात 'पानं'चं 'पाने' केलं की ही सोय जाते. सामान्यरूपात पुन्हा वेगळं होतं: पानांचा डबा पानसुपारीचा, पान्यांचा डबा गॅरेजातला. म्हणून चिठ्ठीवर नुसतं नाम लिहू नका, षष्ठी लावा.

वेंगुर्ल्याहून

मालवणीत लिवलं असतंस तर काय प्रश्नच नाय. पानो. आंबो, घोडो, पानो. अनेकवचन मात्र 'पाने'च, म्हणजे काका परत विडो मागतले.

कुडाळहून, गॅरेजवाला

नुसतं 'पाने' लिहून आमच्याकडे कुणालाच काही कळणार नाही. दोन्हीकडे उघडं तोंड तो फिक्स पाना. दोन्हीकडे कडं तो रिंग पाना. नळीसारखा तो बॉक्स पाना, गोट्या, म्हणजे नटावर बसणाऱ्या सुट्ट्या टोप्या, लावायचा तो गोटी पाना, तोंड लहानमोठं होतं तो स्क्रू पाना. तुमच्या खाचांत उभे राहतात त्यावरून फिक्स असावेत. मोठ्या रिंग पान्याची मान वाकलेली असते, तो अशा खाचेत कलंडतो.

आकड्याचंही सांगतो, कारण नवीन पोरं हमखास चुकतात. 'दहा-अकराचा' म्हणजे एका तोंडाला १० मिलिमीटर, दुसऱ्याला ११. हे माप नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं, बोल्टच्या जाडीचं नव्हे. सहाच्या बोल्टला दहाचा पाना लागतो, आठच्या बोल्टला बहुतेक तेराचा. पोराला "सहाचा बोल्ट खोल" म्हटलं की तो सहाचा पाना घेऊन येतो आणि उभाच राहतो.

बोटीचं इंजिन जुनं असेल तर त्यावर इंची नट निघतील. तिथे जुनी माणसं सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. चार सुती नट १२.७ मिलिमीटरचा. त्याला बारा बसत नाही आणि तेरा डुलतो. तेराने जोर केलात की नटाचे कोपरे गोल, मग छिन्नी-हातोडी. इंची पाने असतील तर त्यांना वेगळी पट्टी करा, तेवढं ऐका.

सावंतवाडीहून

आमच्या घरात सुतारकाम आहे, म्हणून 'खाच' शब्दाला माझी हरकत नाही हे आधी सांगतो. वरून उघडी, काठावर पाडलेली ती खाच. वस्तूच्या आकाराबरहुकूम आत कोरलेली, चहूबाजूंनी बंद ती खोबण. डोळ्याची असते तशी. फट आपोआप पडते, कुणी पाडत नाही. चीर लाकडाला जाते किंवा करवतीने देतात, पण तिच्यात पातळ पत्र्यापलीकडे काही बसत नाही. फोम कोरून पान्याच्या आकाराचे खळगे करतात, त्या खोबणी. तुमच्या रिपेवर खाचाच.

एक चूक तुम्हीही केली असणार, कारण मी केली होती. सगळ्या खाचा एकाच रुंदीच्या. शिवाय मी मे महिन्यात, लाकूड वाळलेलं असताना, अगदी घट्ट मापाच्या पाडल्या. जुलैत रीप फुगली आणि १४-१५ असा अडकला की तो काढायला दुसरा पाना लागला. आता प्रत्येक दांड्याची जाडी मोजून वर जरा सैल ठेवतो, कडा कानशीने मारतो. खोबणीवाल्या फोमच्या वाट्याला जाऊ नका. खाऱ्या वाऱ्यात तो ओल धरतो आणि पाने खालून गंजतात.

दापोलीहून

पट्टीला ताटाळं आहे तसं 'पान्याळं' म्हणा. (कपांच्या मांडणीला मात्र कुणी 'कपाळं' म्हणू नये.)

देवगडहून

'पान्याळं' गोड आहे, पण समजावून सांगावं लागेल. आपल्याकडे वस्तूच्या बेताची जागा म्हणजे घर. चष्म्याचं घर, बुद्धिबळाच्या पटावरचं घर, सोंगटीचं घर. सोंगटी घरात गेली म्हणतो तसंच पाना घरात गेला. खाच ही सुताराच्या बाजूने पाहिलेली गोष्ट, घर ही पान्याच्या बाजूने. 'पेटी' टाळा एवढंच. आमच्याकडे मे महिन्यात पेटी म्हणजे आंब्याची, भजनाला बसलं की पेटी म्हणजे हार्मोनियम. हत्यारांचा नंबर तिसरा.

जाता जाता: चावी हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि त्यांच्या भाषेत तोच शब्द पान्यालाही चालतो. आपण तो घेताना कुलपापुरताच घेतला. 'एलन की' या वाकड्या षटकोनी सळईची चावी मात्र इंग्रजीतून मागच्या दाराने आत आलीच.

मूळ प्रश्नकर्ता

सावंतवाडीकर, होय, सगळ्या एकाच रुंदीच्या आहेत. १८-१९ आणि २०-२२ कालच परत कानशीने मोकळे केले.

'ह' गेला, षष्ठी लागली. चिठ्ठीवर 'पान्यांचं घर' लिहिलं आणि प्रत्येक खाचेखाली आकडे. इंची पाने चार निघाले, ते वरच्या खणात हलवले. बाबांनी चिठ्ठी चष्मा वर करून वाचली, खण पुढे ओढला आणि म्हणाले, "लिवलंस तां बरां केलंस. पन धा-अकराचो खंय?"

तो बोटीतच राहिलाय, झापांखाली.