लोकशाहीला एकच राष्ट्रप्रमुख कशासाठी हवा?

चौकस:
पंतप्रधान, मंत्रिमंडळ, संसद आणि न्यायालये असताना, बहुतेक सह्या दुसऱ्यांच्या सल्ल्यानेच करणारे एक वेगळे पद लोकशाहीने कशासाठी बाळगावे, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला आहे. आणि पद हवेच असेल, तर ते एकाच व्यक्तीकडे का? स्वित्झर्लंडमध्ये १८४८ पासून सात जणांचे मंडळ मिळून हे काम पाहते. त्यातील एक जण वर्षभरापुरता अध्यक्ष होतो, परंतु उरलेल्या सहा जणांवर त्याची हुकमत नसते; दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या अधिकृत छायाचित्रातही सातही जण एकत्र दिसतात. सान मारिनोमध्ये दोन प्रमुख असतात आणि ते दर सहा महिन्यांनी बदलतात. अमेरिकेची राज्यघटना तयार होत असताना, १७८७ मध्ये, एडमंड रँडॉल्फ यांनी एकाच माणसाच्या हाती कार्यकारी सत्ता देणे म्हणजे राजेशाहीचा गर्भ वाढवणे होय, असा आक्षेप घेतला होता. तो मला आजही निराधार वाटत नाही. जाणकारांनी ‘राष्ट्राचे प्रतीक’ एवढ्यावर उत्तर आटोपू नये, ही विनंती.

उंबरठा:
रँडॉल्फ यांचा आक्षेप राज्यकारभार चालवणाऱ्या पदाला होता. अमेरिकेत राष्ट्रप्रमुख आणि सरकारचा प्रमुख एकच असतो, संसदीय पद्धतीत ही दोन पदे वेगळी असतात. आपला प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या पद्धतीला लागू होतो, असे धरून लिहितो.

तेथे राष्ट्रप्रमुखाचे खरे काम रोजचे नसतेच. सरकार पडले आहे, कोणाकडेही स्पष्ट बहुमत नाही आणि मावळता पंतप्रधान स्वतःच त्या वादातला एक पक्ष आहे, अशा वेळी सरकार बनवण्यासाठी आधी कोणाला पाचारण करायचे, हे कोणीतरी ठरवावेच लागते. बेल्जियममध्ये २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस पूर्ण अधिकारांचे सरकार बनले नाही. काळजीवाहू मंत्रिमंडळ कारभार पाहत राहिले आणि राजा वाटाघाटींसाठी एकामागून एक मध्यस्थ नेमत राहिला. हेच काम पक्षांच्या बळानुसार बनलेल्या मंडळाकडे सोपवले, तर संसदेत न सुटलेला पेच तसाच्या तसा त्या मंडळात जाऊन बसेल.

हा केवळ तर्क नाही. दीर्घकाळ सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्ष टिटोंच्या मृत्यूनंतर, १९८० पासून, युगोस्लाव्हियाचे राष्ट्रप्रमुखपद आठ जणांच्या मंडळाकडे होते आणि अध्यक्षपद ठरलेल्या क्रमाने दरवर्षी फिरत असे. १५ मे १९९१ रोजी क्रोएशियाच्या स्तिपे मेसिच यांची पाळी आली. एरवी निव्वळ उपचार म्हणून होणाऱ्या त्या मतदानात पाच मते हवी होती, चारच पडली. सैन्याचे सर्वोच्च नेतृत्व ज्या मंडळाकडे होते, त्या मंडळाला अध्यक्षच उरला नाही. मेसिच पदावर आले १ जुलैला, म्हणजे स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य घोषित केल्यानंतर. देश फुटण्याची कारणे अर्थातच याहून खोल होती आणि ती व्यवस्था लोकशाहीतलीही नव्हती. तरीही एका माणसाची मते समसमान फुटत नाहीत, ही साधी गोष्ट त्या दिवशी किती मोलाची ठरली असती, याचा विचार करावा.

कलमबहाद्दर:
उंबरठा यांनी उदाहरण सोयीचे निवडले आहे. स्विस मंडळाचे असे का होत नाही? तेथील संसद मंडळाला चार वर्षांसाठी निवडते आणि मध्येच अविश्वास ठराव आणून पाडू शकत नाही. मंडळही संसद बरखास्त करू शकत नाही. सरकार मध्येच पडतच नाही, त्यामुळे पंचाची गरजही भासत नाही. तेव्हा एकट्या राष्ट्रप्रमुखाची गरज लोकशाहीला आहे असे न म्हणता, ज्या लोकशाहीत सरकार कधीही पडू शकते तिला आहे, असे म्हणावे.

शिवाय एकटा माणूस अडूनही बसतो. बेल्जियमचेच राजे बोदुआँ यांनी १९९० मध्ये गर्भपाताविषयीच्या कायद्यावर सही करण्यास सदसद्विवेकाच्या कारणावरून नकार दिला. तेव्हा ४ एप्रिलला मंत्रिमंडळाने राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचे जाहीर केले, मंत्र्यांनी मिळून कायद्यावर सह्या केल्या आणि ५ एप्रिलला संसदेने राजाला पुन्हा अधिकारावर आणले. थोडक्यात, गरज पडली तेव्हा सामूहिक राष्ट्रप्रमुखानेही काम निभावले. (हा प्रसंग मला राज्यघटनांच्या इतिहासातील सर्वात सभ्य पळवाट वाटतो.)

चौकस:
दोघांचेही आभार. मग स्वीडनचे काय? १९७४ च्या राज्यघटनेने पंतप्रधान नेमण्यातील राजाची भूमिकाच काढून टाकली आणि तरीही तेथील लोकशाही सुरळीत चालते.

उंबरठा:
ती भूमिका मंडळाकडे गेली नाही, संसदेच्या अध्यक्षाकडे गेली, म्हणजे पुन्हा एकाच व्यक्तीकडे. तो पंतप्रधानपदासाठी नाव सुचवतो. संसदेने लागोपाठ चार नावे फेटाळली तर नव्याने निवडणूक घ्यावी लागते. कलमबहाद्दर यांची स्विस पद्धतीविषयीची दुरुस्ती मात्र मला मान्य आहे.

रँडॉल्फ यांच्या भीतीचे उत्तर पदावर किती माणसे बसवावीत यात शोधू नये, त्या पदाला किती मोकळीक द्यावी यात शोधावे. थेट लोकांनी निवडलेले राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी आणीबाणीच्या कलम ४८ खाली २८ फेब्रुवारी १९३३ रोजी काढलेल्या एका आदेशाने जर्मन नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. १९४९ ची घटना लिहिणाऱ्यांनी हा अनुभव घेऊनही पद एकट्याचेच ठेवले. बदलली ती निवडीची पद्धत आणि अधिकारांची व्याप्ती. आता राष्ट्राध्यक्षाची निवड संघीय संसदेचे सदस्य आणि तितकेच राज्यांनी निवडलेले प्रतिनिधी मिळून करतात. चॅन्सेलरला, म्हणजे तेथील सरकारच्या प्रमुखाला, संसदेत पूर्ण बहुमत मिळाले नाही, तर त्याची तशीच नेमणूक करायची की संसद बरखास्त करायची, हे राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या विवेकाने ठरवतो. मात्र त्यासाठी त्याला सातच दिवस मिळतात.