मापं इंचाइंचाने पाळली तर नाटक दिसणार कुठून?

खरं घर रंगमंचावर आणायचं तर मापं तंतोतंत हवीत, असं एक मत आहे. मला नाही पटत. ॲम्स्टरडॅमचं ॲन फ्रँकचं, म्हणजे नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीचं, घर घ्या. पुस्तकांच्या कपाटामागे आठ माणसं लपली होती ती जागा एकावर एक मजल्यांची, मधे अगदी उभा जिना. ते जसंच्या तसं उभारलं तर मागच्या रांगेला भिंतीच दिसतील!

१९५५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तिच्या डायरीवरचं नाटक आलं, त्याचं नेपथ्य बोरिस ॲरनसनचं. संहितेतच जागा बदलली होती: एका पातळीवर तीन खोल्या, वर माळा, सगळं एकाच वेळी उघडं. भूगोल चुकीचा, पण त्यामुळे कुणालाच विंगेत सटकता येत नाही. कोंडमारा मापातून नाही, तिथून येतो.

याचा अर्थ अभ्यास नको असा नाही हं. नाटकाचं लेखक जोडपं आणि दिग्दर्शक गार्सन कॅनिन १९५४ च्या डिसेंबरात ॲनचे वडील ऑटो फ्रँक यांच्याबरोबर ती जागा बघून आले. फोटो काढलेच, शिवाय चर्चच्या घंटा आणि ट्रामचे आवाजही टिपून घेतले. नेपथ्याच्या गप्पांत आवाजाचा विषय निघतच नाही, ही आपल्याकडची जुनी खोड.

आणि गंमत बघा, मूळ घर रिकामं आहे. अटकेनंतर नाझींनी सामान उचलून नेलं, आणि ते तसंच रिकामं राहावं ही ऑटो फ्रँकचीच इच्छा. म्हणजे खाटा, टेबलं, भांडी त्या घरात नाहीत, नाटकात मात्र दिसतात.