मदत हवी आहे : चित्रकार्डांचा वापर घरीही कसा सुरू करावा?

मी विशेष शिक्षिका असून माझ्या वर्गातील ९ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आणि अद्याप न बोलणारा विद्यार्थी तहान लागली की पेल्याचे चित्रकार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवतो. घरी मात्र तेच कार्ड तो पलंगाखाली सरकवून देतो. एका जागी शिकलेले कौशल्य दुसऱ्या जागी आपोआप उतरत नाही, याची मला कल्पना आहे. त्याच्या आई म्हणतात, "त्याने माठाकडे नुसते पाहिले तरी मला कळते, मग कार्ड कशाला?" खरे सांगायचे तर हे मला खोडून काढता आले नाही, परंतु त्याची नजर आईखेरीज कोणालाच वाचता येत नाही. आधीच दमलेल्या घरावर आणखी एक गृहपाठ न लादता ही सवय कशी लावावी, हे ज्या पालकांनी वा शिक्षकांनी प्रत्यक्ष करून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.